तारेने बांधलेली जोडी

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायला बसलेल्या माणसाला नवं गिऱ्हाईक पहिला प्रश्न ठरलेला विचारतं. "चोरीचा तं नाही ना हो?" तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतो आहे. सुरुवातीला राग यायचा, पुढे हसू यायला लागलं. आता मी टेम्पोच्या सीटखालून कागदांची फाईल काढतो आणि समोर ठेवतो. कोणती गाडी कोणाकडून घेतली, कधी मोडीत काढली, सगळं तिच्यात आहे. ती फाईल आजवर कोणी उघडून पाहिलेली नाही. ती जाडजूड आहे एवढ्यावरच लोकांचं समाधान होतं.

माझं घर जानेफळला. घरामागे पत्र्याचं आवार आहे. म्हाताऱ्या झालेल्या जीपा, काळीपिवळ्या, लहान मोटारी मी त्यांच्या मालकांकडून घेतो, आवारात त्या खोलतो, आणि एकेक भाग पुसून, पारखून आठवडी बाजारांत नेतो. एका अंगाला बीबी, दुसऱ्या टोकाला पार वरवट बकाल, आणि मधली लहानमोठी गावं. दुकान म्हणजे खाली एक ताडपत्री, वर एक ताडपत्री आणि चार बांबू. एका बाजूला मिरच्यांची पोती, दुसऱ्या बाजूला चपलांचा ढीग, आणि मधोमध माझे दिवे, आरसे, गिअर, दारं आणि रेडिएटर. गाव मला 'पानेकाका' म्हणतं, कारण खांद्यावर दस्ती आणि हातात पाना असल्याशिवाय मी कधी कोणाला दिसलो नाही. तो पाना माझ्या उस्तादांनी मला दिलेला. माझ्या हाताने त्याच्या मुठीला खोलगट जागा पडलेली.

कोणी मला भंगारवाला म्हटलं की अजूनही झोंबतं. भंगारवाला सगळं एका काट्यावर टाकतो. त्याला दिवा आणि दिव्याची कडी सारखीच. मी मात्र प्रत्येक तुकड्याला त्याच्या गाडीवरून ओळखतो. गाडी खोलताना सीटखाली काय काय सापडतं म्हणून सांगू! शेंगांची टरफलं, फुटक्या बांगड्या, नवसाचा नारळ, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ती कवळी मी सहा महिने सांभाळली, पण कोणी मागायला आलं नाही.

धंद्याचे नियम मोजकेच. ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काहीही मी जुनं विकत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. गिऱ्हाइकाने आपला खराब झालेला भाग नमुना म्हणून सोबत आणायचा. तोंडी वर्णनावर विश्वास ठेवला तर रेडिएटर मागणाऱ्याला सायलेन्सर द्यायची पाळी येते. बाजारात घेतलेला माल परत होत नाही, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. आणि शेवटचा नियम जोडीचा. तो जरा समजावून सांगावा लागेल, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं त्याच्यावरच उभं आहे.

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत ताटलीएवढं दातेरी कडं असतं, त्याला क्राऊन म्हणतात. त्याला येऊन भिडलेला एक आखूड दांडा असतो, त्याच्या डोक्याला दाते असतात, तो पिनियन. इंजिनाची ताकद पिनियन आणतो, क्राऊन ती चाकांना देतो. ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांवर झिजतात. जात्याच्या दोन पाळ्यांसारखं आहे हे. वरची पाळी एका घरची आणि खालची दुसऱ्या घरची घेतली तर पीठ धड पडेल का? तसंच यांचं. दाते मोजून तेवढेच असले, कंपनी तीच असली, तरी एका गाडीचा क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन एकत्र बसवला की गाडी कण्हायला लागते. तसंच दामटलं तर दाते तुटतात आणि गाडी जागेवर बसते.

म्हणून आमच्याकडे जोडी खोलली की लगेच बांधणीच्या तारेने एकत्र बांधतात. ती तार बाजारात कोणी सोडत नाही. गिऱ्हाईक तारेसकट जोडी घरी नेतं आणि मिस्त्री भाग बसवायच्या वेळेला ती कापतो. पानेकाकाने तार बांधली म्हणजे जोडी खरी, असं बीबीपासून वरवट बकालपर्यंत मिस्त्री लोक मानत आले. मला याचा अभिमान होता. चांगलाच होता.

त्यातलं अर्धं श्रेय खरं तर माझी बायको निर्मला हिचं. तार मी बांधायचो, पण त्याआधी ती दोन्ही भागांना एकाच रंगाचा ठिपका लावायची. आमची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा नेलपॉलिशच्या बऱ्याच बाटल्या मागे ठेवून गेली. निर्मलाने त्या धंद्यात आणल्या. एका गाडीला गुलाबी, दुसरीला जांभळा, तिसरीला सोनेरी. आवारात ग्रीसने माखलेल्या लोखंडाला नखाचा रंग लावत बसलेली बाई बघून शेजारीपाजारी पोट धरून हसायचे. पुढे तिचे गुडघे दुखायला लागले आणि तिचं बाजाराला येणं सुटलं. घरी बसून ठिपके मात्र ती लावतच राहिली.

माझी सगळीच गिऱ्हाइकं गाडीवाली असतात असं नाही. जीपच्या स्प्रिंगचे पाटे लोहार नेतो आणि त्याचे विळे करतो. समोरच्या काचा बायका वड्या वाळवायला नेतात. एक आजोबा मोटारीची पुढची सीट घेऊन गेले. ओट्यावर मांडून तिच्यावर बसतात आणि तिथूनच गावाचा न्याय करतात. पण सगळ्यांत वेगळं गिऱ्हाईक वरवट बकालच्या बाजारात भेटलं. जवळच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना शाळेसाठी घंटा हवी होती. हातात एक बोल्ट घेऊन त्या माझ्या ताडपत्रीवरची एकेक वस्तू वाजवून पाहत होत्या आणि कान लावून ऐकत होत्या. रेडिएटर त्यांना 'बद्द' वाटला. शेवटी एका क्राऊनवर त्यांनी टोला दिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हेच द्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, याच्यासोबत हा दांडाही घ्यावा लागतो. जोडी मी तोडत नाही."

"अहो, पण मला गाडीत थोडंच बसवायचंय!"

"नियम म्हंजे नियम."

त्या हसल्या. "बरं, द्या. याचाच टोला करू." आणि माझ्या नियमाला मान देऊन त्या दोन्ही वस्तू घेऊन गेल्या. घरी येऊन मी हा किस्सा निर्मलाला रंगवून सांगितला. शाळेतल्या घंटेचीसुद्धा जोडी मी तोडत नाही, म्हणून माझी छाती फुगली होती.

आता त्याच दिवशी सकाळी काय झालं होतं ते सांगतो. वरवट बकालला पाल ठोकत असतानाच वावटळ उठली. वरची ताडपत्री पतंगासारखी उडायला लागली. मिरचीवाली ओरडायला लागली, मी एका हाताने बांबू धरला आणि दुसऱ्या हाताने दोरी शोधायला लागलो. दोरी टेम्पोत राहिली होती. समोर क्राऊन-पिनियनच्या दोन जोड्या होत्या, एकाच कंपनीच्या दोन जीपांच्या, त्याच महिन्यात खोललेल्या. मी पान्याने दोन्हींच्या तारा सोडल्या आणि त्यांनी बांबू आवळून टाकला. पाल वाचलं. वारा पडल्यावर दुसरी तार आणून मी जोड्या पुन्हा बांधल्या. डोळ्यांत धूळ गेलेली, चष्मा खिशात, ठिपक्यांवर ग्रीसचा थर. नजरेने भाग लावले आणि तार पिळली. त्यातली एक जोडी मॅडमनी नेली. दुसरी टेम्पोत घालून मी घरी आणली.

ती दुसरी जोडी बीबीच्या बाजारात विश्वनाथभाऊंनी नेली. विश्वनाथभाऊ म्हणजे काळीपिवळीवाले. बीबीच्या पलीकडे आत तीन-चार वस्त्या आहेत. सकाळच्या वेळेला त्या रस्त्याला त्यांच्या जीपशिवाय दुसरं वाहन नाही. बारावीत शिकणाऱ्या नऊ मुली त्याच जीपने कॉलेजला येतात. एखादी दुसरी गाडी मिळालीच तरी त्यांचे आईबाप तिच्यात मुलीला बसू देत नाहीत. विश्वनाथभाऊंच्या गाडीच्या गोळ्यातले दाते गेले होते. तो नमुना त्यांनी पिशवीतून आणला होता. त्या मॉडेलचा नवा माल येणं कधीच बंद झालंय. मी जोडी काढून दिली.

"जोडी खरी ना, काका?" त्यांनी विचारलं.

"तार कोणाची हाय, पाहा," मी म्हटलं.

पुढच्या बाजारी ते परत आले. सोबत एक बाई होती, डोक्यावरून पदर, हातात कांद्याची पिशवी. विश्वनाथभाऊंनी जोडी माझ्या ताडपत्रीवर ठेवली आणि ते बाजूला झाले. परत माल घेत नाहीत हा रिवाज त्यांना माहीत होता, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. बोलली ती बाई.

"मी गोकर्णा. माही पोरगी अंकिता यायच्या गाडीनं येते. दोन दिवस गाडी कण्हत होती, मंग यायनं उभीच करून टाकली. म्हने, दाते तुटतीन आन् पोरी रस्त्यात राहतीन. आता पाच दिसावर परीक्षा हाय. तुमी म्हटलं होतं ना, जोडी खरी हाय म्हणून?"

माझ्या पालासमोर आठ-दहा माणसं उभी होती. दोन मिस्त्री होते, एक जीपवाला होता, मिरच्या घ्यायला आलेल्या बायका होत्या. मी जोडी उचलली. बोटाने ग्रीस पुसलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं. मी पुसलं नाही. मी म्हणालो, "माल चांगला हाय, बाई. मिस्त्रीच्या बसवण्यात फरक झाला असंन."

हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. तो मिस्त्री तिथे नव्हता, त्याच्या गैरहजेरीत मी त्याच्या हातावर खापर फोडलं.

गोकर्णाबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली ते पयली पोरगी हाय. तिचा आजा म्हणून राह्यला, गाडी नाही तं राहू द्या परीक्षा, लगन करून टाकू. म्या सांगतलं, पानेकाका खोटं देनार नाही." मग त्या विश्वनाथभाऊंना म्हणाल्या, "चला, भाऊ." जोडी तशीच ताडपत्रीवर ठेवून ते दोघं निघून गेले.

पुढे काही विकलं की नाही ते मला आठवत नाही. ऊन उतरायच्या आत मी पाल काढलं. ती जोडी सीटवर माझ्या शेजारी ठेवून घरी आलो. निर्मला ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी जोडी तिच्यापुढे ठेवली. तिने पदराने आधी क्राऊन पुसला, मग पिनियनचा दांडा पुसला. क्राऊनवर गुलाबी ठिपका होता. पिनियनवर लाल.

"अवो, हे काय हाय?" ती म्हणाली.

मी वावटळीची हकीगत सांगितली. बाजारात मिस्त्रीचं नाव घेतलं तेही सांगितलं, कारण तिच्यापासून लपवून काही उपयोग नसतो.

तिने जोडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "माह्या गुडघ्याले काय म्हणू मी! मी बाजारात असती तं पाल उडू देल्लं असतं, पण तार सोडू देल्ली नसती."

"पाल उडालं असतं तं मिरचीवाली मले खाऊन गेली असती."

"मंग खाऊ द्याची होती."

रागातसुद्धा तिला हसू आलं. मलाही आलं, पण टिकलं नाही. तीस वर्षं जो शब्द मी बाजारात वाजवून दाखवला, तो एका तारेच्या तुकड्यासाठी मीच सोडला होता. ते तरी वाऱ्याने झालं असं म्हणता येईल. पण खोटं बोललो तेव्हा वारा नव्हता.

हिशेब सरळ होता. गुलाबी क्राऊन आमच्या हातात होता आणि विश्वनाथभाऊंनी वेळेवर गाडी थांबवल्यामुळे त्याच्या दात्यांना ओरखडाही नव्हता. त्याचा खरा जोडीदार, गुलाबी पिनियन, शंभरेक किलोमीटरवर एका शाळेत घंटेचा टोला होऊन बसला होता. मुलं रोज त्याने लोखंडावर दणादण ठोकत असतील. दाते शाबूत असतील की नाही, देव जाणे.

"उद्या पहाटीच निघू," निर्मला म्हणाली.

"तू कुठी येते? गुडघे?"

"तुमच्या नजरेवर मी आता भरोसा ठेवत नाही."

सकाळी आम्ही टेम्पो काढला. खामगाव, शेगाव, मग वरवट बकाल. टेम्पोचं प्रत्येक खड्ड्यात उडणं तिच्या गुडघ्यांत जात होतं, पण तिने तोंडातून 'हाय' काढलं नाही. लाल पिनियन मिस्त्रीला दाखवायचा म्हणून घरीच ठेवला, आणि बदली टोला म्हणून मी मागे तीन-चार लोखंडी दांडे टाकले होते. विचारत विचारत त्या खेड्यातल्या शाळेपाशी पोचलो तेव्हा नेमकी मधल्या सुट्टीची घंटा होत होती. निंबाच्या फांदीला तारेने तो क्राऊन टांगला होता. खणखणीत, लांबपर्यंत घुमणारा आवाज. मॅडमच्या कानाला दाद द्यावी असा.

मॅडमनी मला लगेच ओळखलं. "जय भीम, काका! दुसरी जोडी घ्या म्हणायला आलात की काय?"

निर्मलाने काही ऐकायची वाट पाहिली नाही. ती थेट निंबाखाली गेली आणि खिळ्याला अडकवलेला पिनियन तिने हातात घेतला. दात्यांच्या डोक्यावर जुन्या साडीचा पट्टा घट्ट गुंडाळलेला होता.

"ती मूठ आहे," मॅडम म्हणाल्या. "दातेरी डोकं हातात चांगलं बसतं, निसटत नाही. टोचू नये म्हणून कापड बांधलं. मुलं दांड्याच्या अंगानं वाजवतात."

निर्मलाने पट्टा उलगडला. आत सगळे दाते जसेच्या तसे होते, कापडातल्या तेलाने उलट चकचकीत झाले होते. बुडाशी गुलाबी ठिपका होता. दुसऱ्या टोकाचे आटे तेवढे जरासे दबले होते, पण ते मिस्त्रीला सरळ करता येण्यासारखे होते. निर्मला ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "वाचलो रे बावा."

मी मॅडमना सगळं सांगितलं. या वेळी मिस्त्रीचं नाव घेतलं नाही. चूक माझी, तार मी सोडली, बाजारात खोटंही मीच बोललो.  ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ मुली?"

"हो."

"मग घेऊन जा. पण माझी घंटा मुकी राहायला नको."

मी आणलेले दांडे त्यांनी एकेक करून वाजवून पाहिले. एक कच्चा वाटला, एकाचा आवाज कापरा, तिसरा मुलांना पेलेना इतका जड. त्यांचं पारखणं मी ओळखून होतो. शेवटी मी खांद्यावरच्या पिशवीतून माझा पाना काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो क्राऊनवर आपटला. आवाज आला तसा पटांगणातल्या मुलांनी खेळ थांबवून इकडे पाहिलं. सुट्टी संपली असं समजून काही तर वर्गाकडे पळाली.

"हा चालेल," मॅडम म्हणाल्या. मग मुठीतली खोलगट जागा त्यांच्या अंगठ्याला लागली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा तुमचा रोजचा आहे का?"

"होता," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर हात मोकळा मोकळा वाटत होता. उस्तादांची आठवण आली आणि डोळे भरून आले. निर्मला पिनियन मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. शाळेत हाय. चांगल्या जागी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही विश्वनाथभाऊंच्या गावाला गेलो. पारावर माणसं बसलेली होती. मी मिस्त्रीला तिथे बोलावून घेतलं, गोकर्णाबाईंनाही बोलावलं, आणि सगळ्यांसमोर दोन्ही ठिपके दाखवून काय झालं ते सांगितलं. मिस्त्री तरणाताठा माणूस. त्याने कानाची पाळी खाजवली. "काका, बसवतानाच मले कळलं होतं का हे जमून नाही राह्यलं. पन तार तुमची होती. मले वाटलं, माह्याच हाताले काई झालं." हे ऐकून मला गोकर्णाबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. माझ्या तारेवर विश्वास ठेवून त्या माणसाने स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला होता.

मी हात जोडले. तो म्हणाला, "राहू द्या हो. कानस काढतो." दबलेले आटे त्याने सरळ केले आणि दिवस मावळायच्या आत जोडी बसवली.  गोकर्णाबाईंनी निर्मलाला घरात नेऊन चहा दिला. मला आत बोलावलं नाही, माझा चहा बाहेर पाठवला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मुद्दाम पुन्हा गेलो. विश्वनाथभाऊंना म्हटलं, "मले मागं बसू द्या, गोळ्यावर. आवाज ऐकतो." नऊ मुली, त्यात आम्ही दोन म्हातारे. कोंबून बसलो. गाडी निघाली. मी मान खाली घालून, कान जवळजवळ पत्र्याला लावून बसलो. पण काही ऐकू येईना, कारण नऊच्या नऊ मुली मोठ्याने पाठ करत होत्या. कोणी व्याख्या, कोणी कविता, कोणी नुसतेच आकडे.

मी म्हटलं, "पोरींनो, जरा चूप बसा ना. मले गाडी ऐकू द्या."

समोर बसलेली, दोन वेण्यांची, हातात वही धरलेली मुलगी म्हणाली, "काका, आमचं आता नाही झालं तं कधी होईन? तुमीच चूप बसा."

निर्मला तोंडाला पदर लावून हसायला लागली. ती अंकिता होती, हे मला तेव्हाच कळलं. आईचंच बोलणं.

मी चूप बसलो. वळण आलं, चढ आला. चढावर खरी परीक्षा असते, तिथेच चुकीची जोडी कण्हायला लागते.  मुलींचा गलका वर, आणि खाली लोखंडात काहीच नाही, नुसती सरसर. आमच्या धंद्यात जोडी चांगली बसली की तिचं अस्तित्वच जाणवत नाही. उतार लागला तेव्हा मी मान वर केली आणि पाठ सरळ केली.

केंद्रापाशी गाडी थांबली. मुली उड्या टाकून उतरल्या आणि फाटकाकडे निघाल्या. अंकिता चार पावलं गेली आणि परत आली.

"काका, आवाज येत होता का?"

"नाही, बाई."

"खरं सांगा. मले अजून सा पेपर हायेत."

"खरंच नाही. जोडी खरी हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण नीट पाहिलं. मग तिची नजर माझ्यावरून निर्मलाकडे गेली आणि तिथेच थांबली. निर्मलाने मान हलवली, हो म्हणून.

तेव्हा ती पोरगी वळली आणि पेपरला आत गेली.